देवचाराचा वाटा

आमच्या ह्यांच्यावर भरधाव गाडी हाकल्याचा खटला झाला, हे ऐकून सगळी वाडी पोट धरून हसली होती. मीसुद्धा आधी हसले. मग समन्स घेऊन शिपाई दारात आला आणि माझं हसू तिथल्या तिथे जिरलं.

हसण्यासारखंच होतं ते. मिठबावकडच्या बागांतला आंबा तळेऱ्यावरून घाट चढून कोल्हापूरला न्यायचा, हे ह्यांचं काम. लॉरी मालकाची, स्टिअरिंग ह्यांचं. आणि हे इतके सावकाश चालवायचे, की लोक म्हणत, "ह्येच्या लॉरीत कच्चो आंबो घातलो तर कोल्हापुराक रस काढूनच उतरवूचो." वळण आलं की भोंगा. माड दिसला की भोंगा. लांबवर एखादं कुत्रं रस्त्याच्या कडेला झोपलेलं असलं तर त्यालाही भोंगा. एकदा एका बैलगाडीवाल्यानं मागून येऊन ह्यांना ओलांडलं होतं आणि जाताना "येतंस काय माझ्या गाडयेत?" असं विचारलं होतं. हे काही रागावले नाहीत. रागावणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

मी मालवणची. सातवीची परीक्षा पास झालेली, त्यामुळे थोडी शिष्टच. लग्न ठरवताना मी वडलांना एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. मला मुंबईवाला नको. तेव्हा आमच्याकडे घराघरात हीच रीत. नवरा मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. चतुर्थीला आणि शिमग्याला चार दिवस यायचा, पोरांना त्याची ओळख पटेपर्यंत परत जायचा. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीनं तर बापाला बघून "आये, कोण पावणे इले" असं ओरडून सांगितलं होतं. मला ते जन्मात नको होतं. म्हणून हा ड्रायव्हर पसंत केला. दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येणारा.

आणि दारूचं म्हणाल तर सोऱ्याचा वास आला तरी ह्यांना शिंका यायच्या. तेव्हा दारूबंदी होती. होती म्हणजे कागदावर होती. काजूचा हंगाम आला की कुणाच्या परसात काय शिजतंय ते वाऱ्यावरच कळायचं. वाडीतले अर्धे बाप्ये संध्याकाळी भिंतीला धरून घरी यायचे. आमचे हे मात्र कोकमाचं सरबतही साखर कमी घालून प्यायचे. असा माणूस.

आता त्या दिवसाचं सांगते. मालकानं नवी लॉरी घेतली होती. म्हणजे कुणीतरी वापरलेलीच, पण आमच्याकडे नवी. हंगामाची पहिली खेप निघायची होती. आमच्या वाडीपासून थोडं पुढे रस्त्याला एक आडवंतिडवं वळण आहे. कडेला काजऱ्याचं मोठं झाड, म्हणून ते काजऱ्याचं वळण. त्या झाडाखाली देवचाराची जागा. देवचार म्हणजे वाटेचा राखणदार. रात्री काठी आपटत फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, पण आपला वाटा मिळाला नाही तर कोपतो. त्याचा वाटा ठरलेला. नारळ, विड्या आणि सोरो.

माझे सासरे त्याच वळणावर गेलेले. हे तेव्हा लहान होते. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. सासरे लॉरीवर हमाल होते. देवचाराला वाटा द्यायचा राहिला, तो कोपला, त्यानं नेलं, असं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. म्हणून माझी सासू दर हंगामाला पहिल्या खेपेला त्याला वाटा देत असे. तिच्यापुढे मालकही बोलत नसे. आणि ह्यांच्या त्या गोगलगायीच्या चालीचं मूळही तेच होतं. त्या वळणाची धास्ती ह्यांच्या पायात बसली होती, सदानकदा ब्रेकवर.

रीत अशी, की गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला घालायचं साकडं, झालं की चाकावर सोरो ओतायचा, आणि मग ड्रायव्हरनं गाडी सोडायची ती थेट उताराखालच्या वहाळापलीकडे, ओढ्यापलीकडे न्यायची. मध्ये थांबायचं नाही. बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. वहाळ ओलांडला की उतरून नारळ फोडायचा, मग तोंड उघडायचं.

नवी लॉरी म्हणून त्या दिवशी सासूबाईंचा हात सैल सुटला. शेवग्याच्या शेंगांखाली लपवून आणलेली अख्खी बाटली. चाकांवर ओतली, बॉनेटवर ओतली, आणि उरलेल्या ओल्या हातानं मुलाच्या डोक्यावरून, पाठीवरून मायेनं हात फिरवला. धुपाच्या धुरानं ह्यांचे डोळे आधीच लाल झालेले. वर शिंका. मी म्हटलंसुद्धा, "आये, पुरे गो आता. लॉरयेक न्हावक घालतंस काय?" तर मलाच डोळे वटारले. लॉरी हलली. आम्ही दोघींनीही मागे न बघता घरची वाट धरली, कारण तीही रीतच.

पुढचं क्लीनरनं सांगितलं. क्लीनर पन्नाशीचा गृहस्थ होता, ह्यांच्याहून दुप्पट वयाचा. तो धापा टाकत संध्याकाळी आमच्या अंगणातल्या खळ्यात येऊन बसला तेव्हा मी भात वेळून पेज गाळत होते.

झालं होतं असं. वळणाच्या खाली, वहाळाच्या अलीकडे, घाटावरून नुकताच बदलून आलेला एक पोलीस शिपाई सायकल घेऊन उभा होता. त्यानं हात वर केला. ह्यांनी बघितला. पण थांबायचं कसं? वहाळ तर पुढे. हे तसेच गेले. शिपाई सायकलीसकट बाजूच्या तरवडाच्या झुडपात पडला. उठला, आणि शिव्या देत लॉरीमागे धावला. लॉरी वहाळ ओलांडून थांबली. हे नारळ घेऊन खाली उतरतात न उतरतात तोच ह्यांची कॉलर त्याच्या मुठीत.

"हात दाखवला तो दिसला नाही का? नाव काय तुझं?"

नारळ फुटला नव्हता. हे गप्प.

"लायसन काढ! बहिरा आहेस का?"

ह्यांनी लायसन काढून दिलं. तोंड बंद. डोळे लालभडक. आणि अंगाला, गाडीला, शेवटच्या करंडीपर्यंत सोऱ्याचा भपकारा. शिपायाला आणखी काय पाहिजे? त्यानं ह्यांना तसंच चौकीवर नेलं. तिथेही हे मुके. शेवटी क्लीनरला सुचलं. त्यानं चौकीच्या पायरीवर खाडकन नारळ आपटला आणि पाणी ह्यांच्या हातावर घातलं, तेव्हा कुठे आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य बाहेर पडलं, "सायबानु, मी पिऊक नाय." सगळी चौकी हसायला लागली म्हणे. पिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो ना!

दवाखान्यात नेलं तर डॉक्टर देवी टोचायला कुठल्यातरी गावाला गेलेले. कंपाउंडरनं हुंगून "वास येता खरो" एवढं लिहून दिलं. वास तोंडाला येतोय की शर्टाला, ते लिहायचं त्याला सुचलं नाही. शर्टाला, मेल्या, शर्टाला! आजही मला त्या कंपाउंडरच्या नाकाचा राग येतो.

मालकानं तालुक्याचा वकील बघून दिला. मी ह्यांच्याबरोबर गेले, कारण हे एकटे गेले असते तर मान हलवून परत आले असते. वकिलांनी सुपारी कातरत कातरत आम्हाला कायदा समजावला.

"बेफाम गाडी चालवली, हे एक कलम. दारू पिऊन चालवली, हे दुसरं. आणि हे दुसरं फार वाईट हो. तुरुंग होऊ शकतो, नाहीतर दंड. पण तुरुंगाचं सोडा, तो एकदा भोगला की संपला. लायसन गेलं की संपलंच."

"पण सोरो देवचाराचो होतो," मी म्हटलं.

"तसं सांगूया की. मग साहेब विचारणार, दारू आणली कुणी? दारूबंदीत बाटली जवळ बाळगणं हाच गुन्हा. कुणी आणली?"

मी तोंड उघडलं आणि ह्यांनी माझा हात दाबला. पहिल्यांदाच इतका जोरात. "कोणी हाडली ता माका ठाव नाय," हे म्हणाले. वकिलांनी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुपारी तोंडात टाकली.

येताना वाटेत मी भांडले. कडाकडा भांडले. "लायसन गेला तर काय करशात? आंबे मोजशात?" हे म्हणाले, "मुंबैक जाईन. मामा गिरणीत लावतलो." एवढं शांतपणे म्हणाले, जसं काही तळेऱ्याला जाऊन येतो! मला रडूच फुटलं. भर रस्त्यात, आंब्याच्या बांधावर बसून मी रडले. मला हा माणूस घरी हवा होता. बाकी मला काही नको होतं, आणि तेवढंच जायला बसलं होतं.

"आवशीक तुरुंगात धाडूचा काय?" हे म्हणाले. "आणि तू तिका काय एक सांगूचा नाय. शप्पथ घे."

मी शपथ घेतली. घरी सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की पोलिसानं हात केला, हे थांबले नाहीत, म्हणून खटला. सोऱ्याचं कलम तिच्यापासून लपवलेलं. तीही उलट खूश. "देवचाराची रीत मोडूक नाय माझ्या झिलान," असं वाडीभर सांगत फिरत होती. मी चुलीपुढे बसून दात खात होते.

खटल्याच्या दिवशी तिनं येण्याचा हट्ट धरला. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "येऊंदे, पोराच्या पाठी आवस नको?" शब्द मी मोडला नाही. तिला एका अक्षरानं काही सांगितलं नाही. फक्त तिला कमी ऐकू येत असे, म्हणून मी तिला अगदी पहिल्या बाकावर नेऊन बसवली.

कोर्ट म्हणजे कौलारू घर, पंखा ओढायला दोरी, बाहेर फणसाचं झाड. मॅजिस्ट्रेटसाहेब बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवून बसणारे. आधी शिपायाची साक्ष. पोरगेलाच होता तो, टोपी काखेत धरून ताठ उभा. लॉरी कशी भरधाव आली, तो कसा झुडपात पडला, सगळं त्यानं तपशीलवार सांगितलं. आमचे वकील उठले.

"लॉरी भरधाव होती?"

"होय."

"तुम्ही झुडपातून उठलात आणि तिच्यामागे धावलात?"

"होय."

"सायकलीवर?"

"नाही, सायकल अडकली होती. पायीच."

"पायी. आणि गाठलीत?"

"वहाळापलीकडे गाठली. तशी ती मला वहाळातच सापडत होती, पण बूट भिजतील म्हणून मी दगडांवरून गेलो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढून तोंड लपवलं. ते कलम तिथेच गळून पडलं, हे मलासुद्धा कळलं. पण मग सरकारी वकिलांनी दुसरं काढलं. शिपायानं आवाज चढवून सांगितलं, "गाडीला, आरोपीच्या कपड्यांना दारूचा उग्र वास येत होता. डोळे लाल होते. आरोपी नशेत असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणता गो तो? कोणाक नशा?"

मी गप्प. शपथ होती ना.

"लायसन रद्द व्हावं, अशी सरकारची मागणी आहे," सरकारी वकील म्हणाले. ते मात्र तिला स्पष्ट ऐकू गेलं. ती उठून उभी राहिली.

"सायबानु, सोरो माझो!"

हे पिंजऱ्यातून "आये, बस खाली!" म्हणून ओरडले. ती कसली बसते! पट्टेवाला पुढे आला, तर त्याला हातानं बाजूला सारलं.

"माझ्या झिलान आयुष्यात तोंडाक लावक नाय. मी चाकार ओतलंय, बानेटार ओतलंय, नि त्याच हातान तेच्या पाठीवरसून हात फिरवलंय. माका काय ती शिक्षा करा."

"आजी, गाडीवर दारू कशाला ओतलीत?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मला वाटलं, आता देवचाराची कथा येणार. आलीही. पण मी ऐकली होती ती नव्हे.

"माझो घोव त्या वळणार गेलो. लॉरयेर हमाल होतो. डायवर इतको पियालेलो की खाली उतरल्यार तेका धड उभो रवाक येय नाय. वळणार लॉरी कलांडली, हमाल खाली पडलो, अंगावरसून चाक गेला. लोक म्हणाले, देवचाराक वाटो देवक नाय, म्हणान कोपलो. मीय तसाच धरलंय. डायवरार राग करूचो तर तो दुसऱ्या दिसापासून खंय गावलोच नाय. देवचार तरी जाग्यार आसा. मगे मी दर वर्सा तेका पाजतंय. तो पियालो तर डायवर पिवचो नाय, असा माका वाटता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. ड्रायव्हर प्यायलेला होता, हे त्यांनीही आजवर ऐकलं नव्हतं. सोळा-सतरा वर्षं हा माणूस त्या वळणावर एका झाडाला भीत आला होता.

"त्या ड्रायव्हरवर खटला झाला?" साहेबांनी विचारलं.

"कसलो खटलो? कोणी इचारूकच नाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आजी, कायदा तेव्हाही होता."

"होतो?" सासूबाई म्हणाल्या. तिला ते खरंच ठाऊक नव्हतं. ती साहेबांकडून वळून त्या शिपायाकडे बघायला लागली. "मगे तेव्हा खंय होतंस रे तू?"

शिपायाचा चेहरा उतरला. "मी पहिलीत होतो, आजी," तो म्हणाला.



निकाल लगेच झाला. प्यायल्याचा पुरावा नाही, भरधावचा तर नाहीच. पोलिसानं हात केल्यावर न थांबल्याबद्दल किरकोळ दंड आणि ताकीद. साहेबांनी ह्यांना विचारलं होतं, हात दिसला होता का? वकिलांनी "दिसला नाही" म्हणायला पढवून ठेवलं होतं. हे म्हणाले, "दिसलो." मी कपाळाला हात लावला. पण लायसन ह्यांच्या खिशात परत आलं. सासूबाईंच्या बाटलीबद्दल साहेब म्हणाले, "माझ्यापुढे खटला लॉरीचा आहे," आणि पुढचा कागद ओढला.

खळ्यात पाऊल टाकताना ह्यांनी आईला एवढंच विचारलं, "माका कित्या सांगूक नाय?"

"सांगून काय केलं असतंस? त्या डायवराक सोदीत फिरलो असतंस," ती म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.

पुढच्या हंगामाची पहिली खेप. मला वाटलं होतं, आता ती वळणावर येणारच नाही. आली. पिशवीत शेवग्याच्या शेंगाही नव्हत्या आणि बाटलीही नव्हती. नारळ, विड्या, बस्स. वळणावर तोच शिपाई सायकल धरून उभा. बहुतेक मुद्दामच आला होता. ह्यांना दुरूनच हात केला, आणि ह्यांनी लॉरी अशी जागच्या जागी उभी केली की आतल्या करंड्या एकमेकींवर आपटल्या. शिपायानं बॉनेटजवळ जाऊन हुंगून बघितलं. मी म्हटलं, "काय रे, येता काय वास?" तो म्हणाला, "आंब्याचा येतोय, वहिनी."

मग सासूबाईंनी पदर खोचला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. मी तिची गाऱ्हाणी ऐकत आले होते, पण हे नवीन होतं.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"इतकी वर्सा आमी तुझ्यार आळ घेतलो, म्हाराजा! माझो घोव तू नेवक नाय. पियालेल्या डायवरान नेल्यान. तेका कोणी इचारूक नाय, नि सगळ्यांनी तुझा नाव घेतल्यानी. मीय घेतलंय. तुझो काय एक गुन्हो नव्हतो, म्हाराजा! ह्या चुकला ता पदरात घे."

मला "व्हय म्हाराजा" म्हणता येईना. हे स्टिअरिंगवर बसूनच म्हणाले, मोठ्यानं. पाठोपाठ शिपाई टोपी काढून म्हणाला, "होय महाराज."

"आता हेच्यापुढे तुका सोरो नाय, म्हाराजा. नि पोलिसान हात केल्यान, म्हणान माझो झील मधी थांबलो, तर रागाव नको!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ तिनं तिथेच फोडला. एक शकल झाडाखाली ठेवलं. दुसऱ्यातला मोठा तुकडा काढून त्या शिपायाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घे, झिला. रोज उभो रव हय."

ह्यांनी भोंगा वाजवला आणि लॉरी सोडली. आम्ही दोघी जुन्या सवयीनं घराकडे वळलो होतो. मग सासूबाईच थांबल्या, माझा दंड धरून मला मागे वळवलं. लॉरी अजून उतारावरच होती, वहाळ लांब होता. हे खिडकीतून मान बाहेर काढून आमच्याकडे बघत होते, आणि हात हलवत होते.